कृत्रिम कॉर्निया: नेत्रदानातलं पटल टिकत नाही तेव्हा

अनघा_सातारा

माझ्या धाकट्या भावाचे दोन्ही डोळे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोममध्ये गेले होते. फिट्ससाठी सुरू केलेल्या गोळीची रिॲक्शन आली. अंगभर फोड, तोंड आतून सोललेलं, ताप. जीव वाचला, कातडी भरून आली, पण डोळे कोरडे पडत गेले आणि पापण्या आतून बुबुळाला चिकटू लागल्या. आज त्याला एका डोळ्याने दिसतं. त्याच्या स्वतःच्या सुळ्यात बसवलेल्या प्लास्टिकच्या भिंगातून दिसतं. हे सांगितलं की लोकांना पटत नाही, आणि ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे ते फोन करून तासतासभर विचारत बसतात. मराठीत शोधावं तर मोतीबिंदू आणि चष्म्याचा नंबर घालवायचं लेसर यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. म्हणून कळलंय तेवढं इथे एका जागी लिहिते. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. जाणकारांनी भर घालावी.

आधी एक गोष्ट, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. कॉर्निया, म्हणजेच पटल, ही काळ्या बुबुळावरची काच. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात म्हणून ती पारदर्शक असते. तिच्या वरच्या थरातल्या पेशी सतत झडतात आणि नव्या येतात. त्या नव्या पेशी काळं आणि पांढरं जिथे मिळतं त्या कडेवर तयार होतात. त्या कडेला लिंबस म्हणतात आणि तिथल्या पेशींना स्टेम सेल. चुना, ॲसिड किंवा स्टीव्हन्स-जॉन्सनसारख्या आजाराने ही कडच मेली, तर काचेला नवा थर मिळत नाही. मग पांढऱ्या भागावरची त्वचा रक्तवाहिन्यांसकट काचेवर चढत येते. त्यात अश्रूही आटलेले असले तर डोळ्याचा पृष्ठभाग हाताच्या कातडीसारखा कोरडा आणि जाड होतो.

अशा डोळ्यात नेत्रदानातला कॉर्निया बसवला तर तो सुरुवातीला स्वच्छ दिसतो. घरात पेढे वाटले जातात. आणि मग तो हळूहळू पांढरा पडतो, कारण त्याला जगवणारी कडही नाही आणि ओलावाही नाही. खारवटलेल्या रानात रोप लावण्यासारखं आहे ते. रोपात काही दोष नसतो. भावाच्या बाबतीत एका रुग्णालयात हेच झालं, आणि पहिलं पटल गेल्यावर पुन्हा दुसरं बसवण्यात आलं. तेही गेलं. दान करणाऱ्या कुटुंबाने त्यांच्या दुःखाच्या घडीला दिलेलं पटल वाया जातं आणि प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक डोळ्याच्या आतलं दाबाचं गणित बिघडत जातं. म्हणून ज्यांचा डोळा वरून भाजलेला किंवा कोरडा आहे त्यांना कळकळीने सांगते: कॉर्निया बदलायची तारीख घेण्याआधी एकच प्रश्न विचारा, "स्टेम सेल आणि अश्रू शिल्लक आहेत का?" उत्तर नाही असेल तर 'ऑक्युलर सरफेस', म्हणजे डोळ्याचा पृष्ठभाग, पाहणाऱ्या डॉक्टरकडे जा. कॉर्निया विभागातच ही वेगळी शाखा असते.

भावाला चेन्नईला नेलं. तिथे पहिल्यांदा कोणीतरी कॉर्नियाबद्दल बोलायच्या आधी डोळ्याच्या मागच्या बाजूबद्दल बोललं. अंधाऱ्या खोलीत टॉर्च वर, खाली, डावीकडे, उजवीकडे धरून उजेड कुठून येतो विचारलं. सोनोग्राफीने पडदा जागेवर आहे का ते पाहिलं. पडदा आणि मागची नस शाबूत नसेल तर पुढे कितीही उत्तम काच बसवली तरी उपयोग नाही, हे त्यांनी आईला तिच्या भाषेत समजावलं. आई सारखी म्हणत होती, माझा एक डोळा काढून याला लावा. डॉक्टरांनी तिला बसवून सांगितलं की माउली, काच कमी पडत नाहीये, काच धरून ठेवणारी जागा उरली नाहीये.

शस्त्रक्रियेचं नाव ऑस्टिओ-ओडोन्टो-केराटोप्रोस्थेसिस, म्हणजे हाड आणि दात वापरून केलेला कृत्रिम कॉर्निया; डॉक्टर लोक ओओकेपी म्हणतात. इटलीत बेनेदेत्तो स्ट्राम्पेली यांनी १९६३ च्या सुमारास ती शोधली आणि पुढे जिआनकार्लो फाल्चिनेल्ली यांनी सुधारली. आता जी होते ती ही सुधारलेली. अशा डोळ्यात कॉर्नियाच्या जागी प्लास्टिकचं भिंग थेट बसवलं तर शरीर ते बाहेर ढकलतं. म्हणून ते शरीराच्याच एखाद्या कठीण, जिवंत भागात बसवायचं आणि तो भाग डोळ्यावर शिवायचा. सुळ्याला एकच लांब, जाड मूळ असतं. तो दात भोवतीच्या जबड्याच्या हाडासकट काढतात, घासून त्याची चपटी पट्टी करतात, मधोमध भोक पाडून त्यात भिंगाची छोटी नळी सिमेंटने बसवतात. ही पट्टी लगेच डोळ्यावर जात नाही. ती गालाच्या वर, डोळ्याखालच्या कातडीच्या आत खिसा करून तीनेक महिने ठेवतात, म्हणजे तिच्याभोवती रक्तवाहिन्या असलेलं मऊ आवरण तयार होतं. त्याच सुमारास गालाच्या आतल्या बाजूची मऊ त्वचा काढून ती डोळ्याच्या पूर्ण पृष्ठभागावर लावतात. तोंडातली त्वचा चिवट असते, अश्रू नसले तरी तगते.

शेवटच्या टप्प्यात ती पट्टी गालातून काढून डोळ्यावर आणतात. गुलाबी त्वचा उचलतात, जुन्या पटलाला मधोमध भोक पाडतात. आतला रंगीत पडदा, म्हणजे आयरिस, आणि नैसर्गिक भिंग या सगळ्या प्रवासात काढून टाकावं लागतं. मग पट्टी शिवतात, वरून त्वचा परत घालतात आणि फक्त भिंगापुरतं छिद्र ठेवतात.

डोळ्यावरचं बँडेज निघालं त्या दिवशी भावाने पहिल्यांदा काय पाहिलं हे सगळे विचारतात. त्याने नर्सच्या हातातलं घड्याळ पाहिलं आणि वेळ वाचली. त्याची मुलगी तो आजारी पडला तेव्हा पाळण्यात होती. तिला त्याने ओळखलं नाही, तिनेच "बाबा, मी" म्हटलं.

आता डोळा कसा दिसतो तेही लिहायला हवं. तो डोळ्यासारखा दिसत नाही. गुलाबी मांसल भाग आणि मध्ये काळा ठिपका. लहान मुलं घाबरतात. भाऊ काळा चष्मा लावतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही, पण ज्यांना वाटेल त्यांनी मनाची तयारी आधी करावी. बाजूचं कमी दिसतं, मान वळवून पाहावं लागतं. जिना उतरताना, रस्ता ओलांडताना अजूनही हात धरतो. मोबाईलवरचे मेसेज मात्र स्वतः वाचतो.

प्रश्न विचारा, माहीत असेल तेवढं सांगेन.

प्रथमेश_का

अनघाताई, वाचून अंगावर काटा आला. दात काढतात ते ठीक, पण दुसऱ्याचा दात चालत नाही का? आणि ज्यांचे दातच गेलेत त्यांचं काय?

अनघा_सातारा

स्वतःचा असला तर शरीर नाकारत नाही, हाच तर सगळा फायदा. जवळच्या नातेवाइकाचा घेतल्याची उदाहरणं आहेत, पण मग प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. दात नसतील तर नडगीच्या हाडाची पट्टी वापरतात असं आम्हाला सांगितलं होतं. भावाचे दात बरे होते. तरी दाताच्या डॉक्टरांनी एक्स-रे, सीटी सगळं केलं, हिरड्या स्वच्छ करून घेतल्या.

आणि हो, तंबाखू. ओपीडीत आमच्या शेजारी सोलापूरकडच्या एक काकू होत्या. त्यांना मिश्री सोडा, मग बघू असं सांगितलं. हिरड्या आणि गालाची आतली त्वचा खराब असेल तर दातही मिळत नाही आणि त्वचाही. गुटख्याने ज्यांचं तोंड उघडत नाही त्यांची तर वाटच बंद होते. आपल्याकडे हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे.

नेत्रवैद्य_कोल्हापूर

लेख उत्तम. मी नेत्रतज्ज्ञ आहे, ही शस्त्रक्रिया स्वतः करत नाही, पण असे रुग्ण पुढे पाठवतो आणि परत आल्यावर पाहतो. थोडी भर.

'कृत्रिम कॉर्निया' या एका नावाखाली बऱ्याच वेगळ्या गोष्टी येतात आणि कुठल्या डोळ्याला काय हे ठरवण्यातच निम्मं यश आहे.

डोळा ओला असेल, पापण्या नीट मिटत असतील, पण दानाचं पटल वारंवार फेल होत असेल, तर बॉस्टन केराटोप्रोस्थेसिस टाइप १ चा विचार होतो. हार्वर्डशी जोडलेल्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर या रुग्णालयात क्लास डोल्मन यांनी त्यावर १९६० च्या दशकापासून काम केलं आणि १९९२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने, एफडीएने, मान्यता दिली. रचना शर्टाच्या कॉलरच्या बटणासारखी आहे: पुढची चकती, मधला दांडा, मागची चकती, आणि दोन्हींच्या मध्ये दानातल्या कॉर्नियाची कडी. मागच्या चकतीला छिद्रं असतात, त्यातून आतलं पाणी कॉर्नियाला पोषण देतं. म्हणजे इथे यंत्र कृत्रिम असलं तरी दान मिळालेलं पटल लागतंच. त्याच धर्तीचं उपकरण मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न ऑरोलॅब बॉस्टनच्या सहकार्याने बनवतं. त्यामुळे आपल्याकडच्या रुग्णांना ते परवडण्यासारखं झालं. ही फार मोठी गोष्ट आहे.

पण कोरड्या, कातडी बनलेल्या डोळ्यात टाइप १ घातलं तर कडेचा कॉर्निया विरघळतो, उपकरण सैल होतं आणि जंतू थेट आत जातात. स्टीव्हन्स-जॉन्सनच्या रुग्णांत हा धोका सर्वांत जास्त. तिथे दाताची शस्त्रक्रिया, किंवा टाइप २, ज्यात भिंग कायम शिवलेल्या पापणीतून बाहेर येतं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेनेही अशा कोरड्या डोळ्यांसाठी स्वतःचं एलव्हीपी केराटोप्रोस्थेसिस बनवलं आहे. त्यातही तोंडातली त्वचा लावतात, दात मात्र लागत नाही. दाताच्या शस्त्रक्रियेचा भारतातला सर्वांत मोठा अनुभव चेन्नईच्या शंकर नेत्रालयाकडे आहे.

टिकण्याबद्दल: फाल्चिनेल्ली यांनी २००५ मध्ये १८१ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यात १८ वर्षांनंतर उपकरण जागेवर असण्याची शक्यता ८५ टक्के निघाली. इतक्या बिघडलेल्या डोळ्यांत एवढा काळ टिकणारं दुसरं काही नाही. म्हणून १९६३ ची, ऐकायला विचित्र वाटणारी पद्धत आजही केली जाते.

वैशालीमावशी

बाळा अनघा, भावाला आशीर्वाद. माझ्या नणंदेच्या नातवाच्या डोळ्यात चुना गेलाय, एकाच डोळ्यात. वय ६. त्याला हे करता येईल का गं? कोणी म्हणतं मोठा झाल्यावर करू.

नेत्रवैद्य_कोल्हापूर

मावशी, त्याला हे नको, आणि 'मोठा झाल्यावर' हेही नको.

एक डोळा चांगला असेल तर कृत्रिम कॉर्नियाच्या वाटेला सहसा जात नाहीत. त्या मुलासाठी स्लेट नावाची पद्धत आहे. चांगल्या डोळ्याच्या कडेवरून साधारण २ मिलिमीटरचा इवलासा तुकडा घेतात, त्याचे बारीक कण करतात आणि खराब डोळ्यावर गर्भवेष्टनाचा, म्हणजे पोटातल्या बाळाभोवतीच्या पिशवीचा, पातळ पापुद्रा चिकटवून त्यावर ते मांडतात. पेशी तिथेच वाढून पृष्ठभाग तयार करतात, प्रयोगशाळा लागत नाही. हैदराबादला एल. व्ही. प्रसाद संस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत विकसित केली आणि आता ती जगभर वापरतात. एका बाजूचा डोळा भाजलेल्या १२५ रुग्णांपैकी ९५ जणांत ती यशस्वी झाल्याचं त्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं. पृष्ठभाग असा बरा झाल्यावर गरज लागली तर कॉर्निया बदलायचा, म्हणजे तो टिकतो.

घाई अशासाठी की लहान वयात डोळा झाकलेला राहिला तर मेंदू त्या डोळ्याने पाहायला शिकत नाही. नंतर काच स्वच्छ केली तरी नजर पूर्ण येत नाही. दाताची शस्त्रक्रिया तर वाढत्या वयात करतच नाहीत, मुलांमध्ये ते हाड लवकर झिजतं. त्याला लवकरात लवकर दाखवा. मला मेसेज केलात तर कागद बघून सांगतो.

रानवेडा_तासगाव

चुन्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्याकडे द्राक्षबागेला बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण, मारतात, त्यासाठी चुना विझवावा लागतो. बॅरलमध्ये पाणी ओतलं की उसळतं. गेल्या हंगामात शेजारच्या बागेतल्या गड्याच्या तोंडावर उडालं. कोणी म्हणालं दूध घाला, कोणी तूप. सुदैवाने ठिबकची नळी जवळ होती, त्याच पाण्याने धुतलं आणि सांगलीला नेलं. नजर वाचली. डॉक्टरसाहेब, नक्की काय करायचं असतं ते एकदा स्पष्ट लिहा, मी आमच्या द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर टाकतो.

नेत्रवैद्य_कोल्हापूर

रानवेडा, ते पाणी घालणाऱ्याने त्या माणसाचा डोळा वाचवला. अशा वेळी आमच्या सगळ्या शस्त्रक्रियांपेक्षा पहिल्या काही मिनिटांतलं पाणी मोलाचं असतं.

ग्रुपवर एवढं टाका: डोळ्यात चुना, ॲसिड, फिनाईल, काहीही गेलं तर त्याच जागी, त्याच क्षणी, मिळेल त्या स्वच्छ पाण्याने धुवायला सुरुवात करा. पापण्या बोटांनी उघड्या धरा, माणसाला डोळा सगळीकडे फिरवायला सांगा. निदान अर्धा तास धुवा. चुन्याचे कण वरच्या पापणीच्या आत अडकून बसतात, दिसले तर ओल्या कापसाने काढा. दूध, तूप, मध, गुलाबपाणी काही नको. ॲसिडवर सोडा, सोड्यावर लिंबू असले प्रयोग अजिबात नकोत. मग थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे, आणि जाताना वाटेतही धुवत राहता आलं तर उत्तम. चुना विझवताना गॉगल घाला. ॲसिड वरच्या थराला गोठवून बऱ्याचदा तिथेच थांबतं. चुना मात्र थर विरघळवत आत शिरत राहतो, म्हणून तो जास्त वाईट.

लहान मुलांच्या बाबतीत तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी हे मोठं कारण आहे. मूल ती दाबून फोडतं आणि चुना जोरात तोंडावर उडतो. घरात कोणी तंबाखू खात असेल तर पुडी मुलांच्या हाती लागू देऊ नका. हे मी प्रत्येक पालकांच्या बैठकीत सांगतो.

इतिहासातला एक दुवा सांगतो. जगातलं पहिलं यशस्वी कॉर्निया प्रत्यारोपण ७ डिसेंबर १९०५ रोजी आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी केलं. तो रुग्ण मजूर होता, चुना विझवताना दोन्ही डोळे भाजलेला. त्याच्या एका डोळ्यातलं पटल टिकलं. सव्वाशे वर्षं होत आली, चुना तोच आहे आणि मजूरही तसेच आहेत.

स्मिता७२

माझ्या आजीचे डोळे आम्ही दान केले होते. अनघाने 'पटल वाया जातं' लिहिलं ते वाचून वाईट वाटलं. म्हणजे नेत्रदानाचा उपयोग नाही असं कोणी समजू नये म्हणून लिहिते आहे.

अनघा_सातारा

स्मिताताई, मुळीच तसं नाही, आणि असं कोणाच्या मनात येत असेल तर मला ते आत्ताच पुसायचं आहे. आजार, जखम, जंतुसंसर्ग यांनी ज्यांचं पटल गढूळ झालंय आणि ज्यांचा पृष्ठभाग निरोगी आहे, त्यांना दानाचं पटलच लागतं. ते वर्षानुवर्षं टिकतं. डॉक्टरांनी वर लिहिलंय तसं बॉस्टनच्या उपकरणालाही दानाची कडी लागते. माझं म्हणणं एवढंच की ते मौल्यवान आहे म्हणून योग्य डोळ्यात जायला हवं. भावाच्या आजारपणानंतर आमच्या घरातल्या सगळ्यांनी फॉर्म भरलेत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवायचं असतं. पंखा बंद करायचा आणि पापण्या मिटून ओला कापूस ठेवायचा, हेही सगळ्यांना सांगून ठेवलंय.

बर्नाबीकर

इथे कॅनडात २०२५ मध्ये या शस्त्रक्रियेची खूप चर्चा झाली. व्हँकुव्हरच्या माउंट सेंट जोसेफ हॉस्पिटलमध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन रुग्णांवर पहिला टप्पा केला गेला, कॅनडातली ही पहिलीच वेळ. डॉ. ग्रेग मोलोनी यांनी केली, त्यांनी आधी ऑस्ट्रेलियात केल्या होत्या. बातमीत 'डोळ्यात दात' एवढंच मोठ्या अक्षरांत होतं. त्यातल्या एका रुग्णाची नजर लहानपणी साध्या आयब्युप्रोफेनच्या रिॲक्शनमुळे गेली होती हे वाचून मी हादरलो. माझ्या ऑफिसातले लोक म्हणाले, किती नवीन शोध. मी त्यांना सांगितलं, चेन्नईत हे कितीतरी वर्षं चाललंय. अभिमान वाटला.

प्रश्न असा की साध्या गोळीने असं कोणालाही होऊ शकतं का?

नेत्रवैद्य_कोल्हापूर

हा आजार अतिशय दुर्मिळ आहे, म्हणून घाबरून आवश्यक औषधं बंद करू नका. फिट्सची गोळी अचानक थांबवणं तर जीवावर बेतू शकतं. पण काही औषधांत धोका तुलनेने जास्त: सल्फा, फेनिटॉइन, कार्बामाझेपीन, लॅमोट्रिजिन, ॲलोप्युरिनॉल, काही वेदनाशामकं. नवीन औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप, डोळे लाल होणं, तोंडात जखमा आणि अंगावर पुरळ हे एकत्र आलं तर 'उष्णता वाढली' म्हणून घरी थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा. आशियातल्या काही समूहांत कार्बामाझेपीनचा धोका एका विशिष्ट जनुकाशी जोडलेला आढळला आहे, त्याची रक्ततपासणी होते.

आणि एक गोष्ट आमच्याच क्षेत्रात अजून पुरेशी पोहोचलेली नाही. असा रुग्ण आयसीयूत असताना सगळे त्याच्या जिवामागे असतात, ते योग्यच. पण त्याच पहिल्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरला बोलावून डोळ्यांवर आणि पापण्यांच्या आत गर्भवेष्टनाचा पापुद्रा लावला, तर पुढचं चिकटणं, कोरडेपणा बराच टाळता येतो. नातेवाइकांनी आग्रह धरा. नंतरही पापणीची आतली कड खरखरीत होऊन बुबुळ घासत असेल तर तिथे तोंडातली त्वचा लावता येते, स्क्लेरल लेन्स, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स, बसवता येते. हे वेळेवर केलं तर अनेकांना कृत्रिम कॉर्नियापर्यंत यावंच लागत नाही.

म्हापशेकर

आमच्या आजीला पेम्फिगॉइड आहे, दोन्ही डोळ्यांच्या पापण्या चिकटत चालल्या आहेत. वय ७४. गोव्यात दाखवलं, आता पुढे काय? व्हॉट्सॲपवर इस्रायलच्या कृत्रिम कॉर्नियाचा व्हिडिओ फिरतोय, एका तासात दिसू लागतं म्हणे. ते भारतात मिळेल का?

नेत्रवैद्य_कोल्हापूर

आजीच्या आजारात प्रतिकारशक्तीच डोळ्यावर हल्ला करते. तो हल्ला चालू असताना डोळ्याला कात्री लावली तर चिकटणं आणखी वाढतं. म्हणून आधी औषधांनी आजार शांत करायचा. त्यासाठी संधिवाताचे किंवा त्वचेचे तज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांनी मिळून पाहायला हवं. शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतर.

तो व्हिडिओ बहुधा कॉर्नीट केप्रोचा असेल. जानेवारी २०२१ मध्ये इस्रायलच्या राबिन मेडिकल सेंटरमध्ये ७८ वर्षांच्या गृहस्थांना ते बसवलं होतं. त्यात दानाचं पटल लागत नाही, कडेचं कापडासारखं विणलेलं आवरण डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या त्वचेखाली मुरतं. कल्पना चांगली आहे, पण आजीच्या डोळ्यात नेमकी तीच त्वचा आजारी आहे. असंच स्वीडनमधल्या संशोधकांनी डुकराच्या कातडीतल्या कोलॅजेनपासून बनवलेल्या पटलाचं. २०२२ मध्ये भारत आणि इराणमधल्या २० रुग्णांची माहिती आली, निकाल फार छान होते, पण ते सगळे केराटोकोनसचे, म्हणजे पटल पातळ आणि टोकदार झालेले रुग्ण. पृष्ठभाग भाजलेल्या डोळ्याला ते लागू होत नाही. बातमी वाचताना 'कोणत्या डोळ्यात' हे शोधा.

प्रथमेश_का

अनघाताई, शस्त्रक्रियेनंतरचं अजून लिहा ना. आता सगळं संपलं, की काही सांभाळावं लागतं?

अनघा_सातारा

संपत नाही. हा भाग मी पहिल्या पोस्टमध्ये थोडक्यात आटोपला, खरं तर तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होणं हा सगळ्यात मोठा शत्रू. साध्या डोळ्यात यंत्र टेकवून दाब मोजतात. इथे पुढे हाड आणि प्लास्टिक, त्यामुळे यंत्र चालत नाही. डॉक्टर बोटांनी डोळा दाबून अंदाज घेतात आणि मागच्या नसेचे फोटो, नजरेची व्याप्ती पुन्हा पुन्हा तपासतात. काचबिंदूने गेलेलं परत येत नाही. भाऊ गोळ्या घेतो. थेंबांचा भरवसा नाही, कारण ते गालाच्या त्वचेतून आत पोहोचत नाहीत. आत जंतुसंसर्ग होऊ शकतो, भिंगामागे पापुद्रा येऊ शकतो, मागचा पडदा सुटू शकतो. दाताची पट्टी हळूहळू झिजू शकते, म्हणून अधूनमधून सीटी स्कॅन. बॉस्टनचं उपकरण असेल तर वर कायम मऊ लेन्स आणि आयुष्यभर अँटिबायोटिकचे थेंब, एक दिवसही चुकवायचे नाहीत.

आमच्या फ्रिजवर कागद चिकटवलाय: नजर कमी झाली, डोळा दुखला, पाणी झिरपलं, त्वचा मागे सरकून पट्टी उघडी दिसली, तर त्याच दिवशी फोन. घरातली पोरंसुद्धा तो वाचून आहेत.

खर्चाचा आकडा मुद्दाम लिहीत नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं. पण पैशासाठी मागे हटण्याआधी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला भेटा. ट्रस्टच्या संस्थांमध्ये सवलत मिळते. शस्त्रक्रियेच्या पैशाइतकंच पुढच्या फेऱ्यांच्या पैशाचं आणि सोबत जाणाऱ्या माणसाच्या रजेचं नियोजन करा. जो रुग्ण तपासणीला येऊ शकणार नाही त्याला डॉक्टर ही शस्त्रक्रिया करायला कचरतात, आणि मला ते बरोबर वाटतं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र शस्त्रक्रियेआधीच काढून घ्या, प्रवासात सवलत मिळते.

एकाच वेळी दोन्ही डोळ्यांवर करत नाहीत. एक डोळा राखून ठेवतात. भावाचा दुसरा डोळा तसाच मिटलेला आहे.

वैशालीमावशी

डॉक्टरसाहेब, नातवाचे कागद पाठवलेत मेसेजमध्ये. त्याचे वडील म्हणतात दिवाळीनंतर जाऊ.

नेत्रवैद्य_कोल्हापूर

पाहिले मावशी. दिवाळीची वाट पाहू नका. कडेचा साधारण अर्ध्याहून जास्त भाग गेलेला दिसतोय, पण पापण्या मोकळ्या आहेत आणि डोळा ओला आहे, ही चांगली बाब. वडिलांचा नंबर मला द्या, मी स्वतः बोलतो. तोवर चांगल्या डोळ्यावर पट्टी ठेवून खराब डोळ्याने पाहायला लावायचं की नाही, हे तिथल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी सुरू करू नका. सोबत जखम झाली त्या दिवसापासूनचे सगळे कागद आणि मोबाईलवरचे डोळ्याचे जुने फोटो न्या.